आमची वाटचाल : पितळी दांडीचे दोन स्क्रू

शाळा-कॉलेजांसाठी आम्ही जूलचा कॅलरीमापी, म्हणजे विजेने पाणी किती तापतं ते मोजायचं उपकरण, बनवतो. तांब्याचं भांडं, फेल्ट लावलेली लाकडी पेटी, एबोनाइटचं (कडक रबराचं) झाकण, ढवळणी आणि आत नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या तारेची) कॉइल. विजेच्या धारेने होणारी उष्णता धारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे जूलने १८४१ साली मांडलं. मुलांना ते तापमापीवर दिसावं, यासाठी आमची सगळी धडपड.

कॉइलला २६ गेजची ३० सेंटिमीटर तार, म्हणजे दोन ओहम. भांड्यात १५० ग्रॅम पाणी घेऊन २ अँपिअर दहा मिनिटं सोडले की पारा सात अंशांहून थोडा जास्त चढतो. १ अँपिअरला जेमतेम पावणेदोन अंश. तापमापी एक अंशाच्या खुणांचा घेतलात तर हे पावणेदोन अंश वाचणार कसे? ०.१ किंवा ०.२ अंशाचाच घ्या.

झाकणातून दोन जाड पितळी दांड्या थेट पाण्यात उतरतात आणि तार त्यांच्या खालच्या टोकांना स्क्रूने आवळलेली असते. नायक्रोमवर साधा डाग (सोल्डरचा सांधा) धरत नाही, म्हणून स्क्रू. या दांड्या आणि स्क्रूच आमच्या सेटमध्ये महाग.

मग बाजारात एक सेट आला. दांड्याच नाहीत, तारेची टोकं सरळ वर नेऊन झाकणाच्या टर्मिनलला डाग दिलेला. दर आमच्यापेक्षा बराच कमी. निविदेत दर तेवढा बघतात, आत काय आहे ते कोणी उघडून बघत नाही. ओळीने ऑर्डरी गेल्या. कारखाना चालू ठेवायचा म्हणून आम्हीही तशीच एक खेप काढली, आणि तिथेच आमचं कंबरडं मोडलं. सेट परत येऊ लागले. एक ग्रॅम पाणी एक अंश तापवायला लागणाऱ्या ज्यूलचं उत्तर ४.१८ ऐवजी ४.६, डाग सुटलेले, झाकणाला जळक्या रबराचा वास.

कारण शोधलं ते आमच्या सर्वांत जुन्या गिऱ्हाइकाने, एका कॉलेजच्या प्रयोगशाळा सहायकांनी. त्यांनी त्या खेपेतल्या सेटचं भांडं काढून झाकण काचेच्या चंचुपात्रावर ठेवलं, पाण्याबाहेरच्या तारेला मेणबत्तीचं मेण चिकटवलं आणि २ अँपिअर सोडले. मेण लगेच वितळून पाण्यात टपकलं. आमच्या जुन्या सेटच्या दांडीवरचं मेण तसंच राहिलं. म्हणाले, "साहेब, तीन सेंटिमीटर तार हवा तापवतेय." बरोबर होतं. ३३ सेंटिमीटरपैकी ३ बाहेर. व्होल्टमीटर सगळ्या तारेचा विद्युत दाब दाखवतो, पाण्याला मात्र दहा-अकराव्या भागाइतकी उष्णता मिळतच नाही. ती खेप आम्ही स्वखर्चाने बदलून दिली. देणी फिटायला फार काळ लागला. पुढची वर्षं नेहमीसारखी गेली.

अजूनही तोच सेट निविदा जिंकतो, याचं वाईट वाटतं.

कोणाचाही सेट घेतलात तरी एवढं पाळा. व्होल्टमीटर बॅटरीला नाही, कॉइलच्या टर्मिनलला जोडा. पाणी खोलीच्या तापमानापेक्षा साडेतीन अंश थंड असताना सुरू करा, म्हणजे सुरुवातीला आत आलेली उष्णता शेवटी बाहेर गेलेलीला जवळजवळ फेडते. धारा सरकली की रिओस्टॅटने (धारा कमी-जास्त करायच्या रोधाने) लगेच जागेवर आणा. ढवळणी कॉइलला टेकू देऊ नका, वेढे एकमेकांना चिकटू देऊ नका. स्विच बंद केल्यावरही ढवळत राहा. पारा आणखी थोडा चढतो आणि तोच आकडा लिहायचा.