खलातली रिॲक्शन आणि कॉलममधलं सॉल्व्हंट

रिॲक्शन ग्रीन, म्हणजे पर्यावरणाला कमीत कमी त्रासदायक, आहे की नाही हे फ्लास्ककडे बघून ठरवायची माझी सवय एका साध्या आल्डॉल कंडेन्सेशनने (दोन रेणू जोडले जाऊन पाणी बाहेर पडतं ती रिॲक्शन) मोडली.

व्हेराट्राल्डिहाइड आणि १-इंडॅनोन, दोन्ही घन पदार्थ. खलात एकत्र घेऊन घोटायला लागलं की मिनिटभरात पावडर ओलसर दिसते, मग चक्क तेलासारखी वाहायला लागते. बाहेरून एक थेंबही घातलेला नसतो. दोघांचेही वितळणबिंदू चाळीसच्या आसपास, आणि मिसळल्यावर ते आणखी खाली येतात, म्हणून खोलीच्याच तापमानाला मिश्रण द्रवरूप होतं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइडची बारीक पूड घालून पुन्हा घोटायचं. थोड्या वेळात बत्ता जड लागायला लागतो, मिश्रण घट्ट होतं आणि शेवटी खरवडून काढावं लागतं. मी हे कितीतरी वेळा केलंय, तरी तो बत्ता जड होण्याचा क्षण आला की हात आपोआप थांबतो.

हिशेबही सुंदर. बाहेर पडतो तो फक्त पाण्याचा एक रेणू. २९८ वजनाच्या अभिक्रियाकारकांमधून २८० वजनाचं प्रॉडक्ट, म्हणजे ॲटम इकॉनॉमी सुमारे ९४ टक्के. बॅरी ट्रॉस्ट यांनी १९९१मध्ये ही मोजपट्टी मांडली ती याचसाठी: यील्ड (प्रत्यक्ष हाती आलेल्या प्रॉडक्टचं प्रमाण) चांगला असला तरी किती अणू प्रॉडक्टमध्ये गेले आणि किती वाया गेले, हे वेगळं विचारायला हवं.

मी ५ मिलिमोलवर रिॲक्शन लावली. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून गाळली, धुतली, वाळवली. १.२ ग्रॅम मिळालं. टीएलसीवर (शुद्धता तपासायच्या पातळ थराच्या पट्टीवर) मुख्य स्पॉटखाली अगदी पुसट दुसरा स्पॉट दिसला आणि मी फारसा विचार न करता कॉलम लावला, म्हणजे सिलिका भरलेल्या नळीतून सॉल्व्हंट सोडून प्रॉडक्ट वेगळं केलं. ४० ग्रॅम सिलिका, ४०० मिली हेक्झेन-इथाइल ॲसिटेट. हाती आलं १ ग्रॅम.

संध्याकाळी वही लिहिताना वेस्टची बाटली समोर होती. रॉजर शेल्डन यांचा ई-फॅक्टर म्हणजे प्रॉडक्टच्या दर किलोमागे किती किलो कचरा. पाणी सोडून बेरीज केली: सॉल्व्हंट आणि सिलिका मिळून सुमारे ३२० ग्रॅम, एका ग्रॅमसाठी. शेल्डन यांच्या मूळ तक्त्यात औषधनिर्मितीचा आकडा २५ ते १००च्या वर असा आहे, आणि तो सगळ्यात वाईट गट मानला जातो. सॉल्व्हंटशिवाय केलेली माझी रिॲक्शन त्याच्याही कितीतरी पुढे गेली होती. मला खरंच वाईट वाटलं.

आणि त्या ४०० मिलीत बहुतेक हेक्झेन होतं. एन-हेक्झेनचं शरीरात २,५-हेक्झेनडायोन होतं आणि ते मज्जातंतूंना इजा करतं. हेप्टेन बहुतेक ठिकाणी तेच काम करतं, पण उकळणबिंदू जास्त म्हणून रोटाव्हॅपला (सॉल्व्हंट उडवून काढायच्या यंत्राला) वेळ लागतो, एवढ्याच कारणाने आपण ते टाळतो. हे कारण मला आता पटत नाही.

दुसरी बॅच कॉलमशिवाय केली. ५० मिली इथेनॉल-पाणी, ९:१, गरम करून विरघळवलं आणि हलकेच थंड होऊ दिलं. १.१ ग्रॅम स्फटिक, वितळणबिंदू कॉलमवाल्या प्रॉडक्टइतकाच, टीएलसीवर एकच स्पॉट. ई-फॅक्टर ४०च्या आत.

ई-फॅक्टरला वजन कळतं, विषारीपणा कळत नाही, हेही खरं. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाचा जुना सहा पायऱ्यांचा मार्ग ४० टक्के ॲटम इकॉनॉमीचा होता, नवा तीन पायऱ्यांचा ७७ टक्क्यांचा. तो ग्रीन केमिस्ट्रीचं ठरलेलं उदाहरण आहे, आणि त्याच्या पहिल्याच पायरीत हायड्रोजन फ्लोराइड वापरतात. ते परत मिळवून पुन्हा वापरलं जातं म्हणून हिशेब जमतो, पण हाताळणाऱ्या माणसासाठी ते तितकंच भयंकर राहतं. म्हणून एका आकड्यावर मी कुठल्याही पद्धतीला ग्रीन म्हणत नाही.

वहीत यील्डच्या शेजारी आता आणखी एक रकाना आहे: वर्कअप (रिॲक्शननंतरचं गाळणं-धुणं) आणि शुद्धीकरण धरून एकूण सॉल्व्हंट. स्फटिक गाळल्यावर उरलेलं इथेनॉलचं मातृद्रावणही मी टाकलेलं नाही. झाकून फ्रिजमध्ये ठेवलंय, सकाळी तळाशी बारीक सुया दिसत होत्या.