बागेत जे येईल ते ताटात: लाइपझिगमधला उन्हाळा

भारतातून आमच्याकडे येणारे पाहुणे जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या रेल्वेमार्गालगत पसरलेल्या, कुंपणांनी आखलेल्या छोट्या छोट्या बागा आणि त्यांतल्या लाकडी खोल्या पाहून विचारतात की, इथे कोण राहते. तेथे कायमचे राहण्यास कायद्यानेच मनाई आहे. या भाडेपट्ट्याच्या बागा आहेत, आणि जर्मनीत त्यांची संख्या ९ लाखांच्या आसपास आहे. श्रेबर नावाच्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ हाउशिल्ड या शाळाप्रमुखांनी १८६४ साली लाइपझिगमध्येच एक संस्था काढली. तिच्या मुलांच्या क्रीडांगणाच्या कडेने केलेले वाफे पुढे पालकांच्या हाती आले आणि कुटुंबांच्या बागा झाले, म्हणून आजही या बागांना श्रेबरगार्टन म्हणतात. १९८३ च्या कायद्यानुसार एक बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी असू नये आणि तिच्यातली खोली ओसरीसकट २४ चौरस मीटरच्या आत असावी, असा दंडक आहे. त्याखेरीज किमान एक तृतीयांश जमिनीवर भाजीपाला आणि फळे असावीत अशी अपेक्षा असते, आणि बागसंस्थेची समिती फेरी मारून ती पाहतेही. मला हा नियम मनापासून आवडतो, कारण त्यामुळे बागेचा स्वयंपाकघराशी असलेला संबंध सुटत नाही.

बागेमुळे पैसे वाचतात का, असा प्रश्न पुण्या-नाशिकची मंडळी फोनवर विचारतात. केवळ बाजारभाव मांडून हिशेब केला, तर उत्तर फारसे उत्साहवर्धक नाही. जमिनीचे भाडे चौरस मीटरला वर्षाकाठी काही सेंट इतके किरकोळ असले, तरी संस्थेची वर्गणी, पाणी, विमा आणि अवजारे यांचा खर्च असतोच, आणि जुलैत झुकिनी, म्हणजे काकडीसारखी दिसणारी भोपळ्याच्या जातीची भाजी, दुकानातही स्वस्तच मिळते. खरी बचत दोन गोष्टींनी होते, असे माझे ठाम मत झाले आहे. एक म्हणजे रोपाचा जो भाग दुकानापर्यंत पोहोचतच नाही तो खाणे, आणि दुसरी म्हणजे काय रांधायचे हे घरी बसून न ठरवता वाफ्यापाशी उभे राहून ठरवणे. या दोन्ही बाबतींत मराठी स्वयंपाक कोणाला हार जाणारा नाही.

पाल्यापासूनच पाहा. नवलकोल ही जर्मन बागेतली अगदी नेहमीची भाजी, पण बाजारात गिऱ्हाईक तिचा पाला तेथेच मोडून खोक्यात टाकते आणि कोणीतरी तो सशांसाठी घेऊन जाते. कोवळा पाला बारीक चिरून, लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी देऊन, थोडी भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून केला, तर गड्ड्यापेक्षाही चवदार लागतो. बीटच्या पाल्याला डाळीचे पीठ पेरावे आणि मुळ्याच्या पाल्याला मूगडाळ लावावी. शेजारच्या बागेतल्या आजी बीट उपटले की पानांची जुडी कुंपणावरून माझ्याकडे देतात आणि मी त्यांना शिजवलेली भाजी वाडगाभर नेऊन देते. इथे जूनमध्ये दिवस इतका लांबतो की रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो आणि त्या लांब दिवसांमुळे मुळा, कोथिंबीर, मेथी लवकर फुलोऱ्यावर येतात. शेजारीपाजारी फुललेला मुळा उपटून खतात टाकतात, पण मी काही रोपे मुद्दाम राखते, कारण त्यांना पुढे डिंगऱ्या लागतात, ज्या इथल्या कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. फुललेल्या कोथिंबिरीचे हिरवे धणे ठेच्यात वाटले, तर पानांची उणीव भासत नाही.

तणांविषयी मला थोडे विस्ताराने सांगायचे आहे. खत घातलेल्या मोकळ्या वाफ्यात मे महिन्यात पांढुरकी भुकटी शिंपडल्यासारखी पाने असलेले जे रोप आपोआप दाट उगवते, तो आपला चाकवत आहे. येथील बहुतेक बागकर्मी तो खुरपून फेकतात. त्याचे कोवळे शेंडे खुडून, शिजवून, पळीने हाटून, ताक आणि डाळीचे पीठ लावून, वर दाणे आणि लसणीची खमंग फोडणी दिली की रीतसर पातळ भाजी होते, आणि ताक तर येथील प्रत्येक दुकानात पुठ्ठ्याच्या डब्यात अल्प किमतीला मिळते. जुलैच्या उन्हात फरशांच्या फटींतून घोळ पसरते. तुर्की दुकानदार हीच भाजी जुड्या बांधून विकतात, तेव्हा तिचे मोल फक्त आपल्यालाच ठाऊक आहे असे नव्हे. मात्र ओळख पूर्ण पटल्याशिवाय कोणतेही रानटी रोप खाऊ नये, आणि जेथे कुत्री फिरतात किंवा वाहनांची वर्दळ आहे तेथून खुडू नये.

जुलै उजाडला की झुकिनीचे राज्य सुरू होते. चार माणसांच्या घराला दोन वेल पुरतात, कारण बोटाएवढे दिसलेले फळ दोन-तीन दिवसांत हातभर होते. कोवळ्या फळाच्या फोडी करून दुधीसारखी हरभऱ्याची डाळ घालून भाजी करावी. मोठे झालेले फळ किसून, भाजणी कालवून थालीपिठे लावावीत, आणि किसाला सुटलेले पाणी टाकून न देता त्यातच पीठ भिजवावे. साल जाड झाली असेल तर ती दोडक्याच्या शिरांप्रमाणे तीळ आणि सुक्या खोबऱ्याबरोबर परतून तिची कोरडी चटणी करावी. बारीक लांब देठाची नर फुले सकाळी खुडून त्यांची भजी करावीत, पण परागणासाठी काही फुले वेलावर ठेवावीत. मात्र काकडी चिरली की आधी चाखून पाहण्याची आपल्या घरांतली सवय झुकिनीलाही काटेकोरपणे लावावी. राखलेल्या बियांचा शोभेच्या भोपळ्यांशी संकर झाला, तर फळात कुकुरबिटासिन हे विषारी कडू द्रव्य उतरते आणि ते शिजवून जात नाही. २०१५ साली हायडेनहाइम येथे बागेत पिकलेल्या कडू झुकिनीमुळे एका वृद्ध गृहस्थांना प्राण गमवावे लागले. म्हणून कडू लागलेला घास गिळू नये आणि ते फळ सरळ टाकून द्यावे. काटकसर येथे थांबते.

आंबटपणासाठी चिंच किंवा आमसूल विकत आणण्याची गरज उन्हाळ्यात जवळजवळ पडत नाही. ऱ्हुबार्ब या मोठ्या पानांच्या आंबट भाजीचे लालसर देठ तुरीच्या वरणात शिजवले, तर आंबट चुक्याच्या जवळ जाणारी आमटी होते. फक्त देठच घ्यावेत, कारण पाने विषारी असतात, आणि २४ जूनच्या सेंट जॉनच्या सणानंतर काढणी थांबवण्याचा येथील रिवाजही पाळावा, म्हणजे झाडाला पुढच्या वर्षासाठी जोर धरता येतो. त्यानंतर कच्च्या, हिरव्या गूजबेरी, म्हणजे काटेरी झुडपांवरची आंबट फळे, येतात. गूळ, मेथीदाणे आणि लाल तिखट घालून त्यांचा मेथांबा केला, तर कैरीची आठवण काढायला फारसे कारण उरत नाही.

घेवड्याच्या शेंगा एकदा लागू लागल्या की थांबत नाहीत. त्या कच्च्या खाऊ नयेत, नीट शिजवाव्यात. जास्तीच्या शेंगा उकळत्या पाण्यातून काढून मी फ्रीझरमध्ये ठेवते. टोमॅटोप्रमाणे त्या काचेच्या बरण्यांत साध्या उकळत्या पाण्यात भरून ठेवणे धोक्याचे आहे, कारण त्यांत आम्ल कमी असते आणि बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात. सांडग्यांचा मोह होतो, पण सलग कडक ऊन येथे खात्रीचे नसते, म्हणून वाळवण हा भाग मी भारतातच राहू दिला आहे.

टोमॅटोची रोपे मेच्या मध्यावर, ११ ते १५ तारखेच्या ‘बर्फाळ संतां’चे (संतांच्या नावांनी ओळखले जाणारे, उशिराच्या थंडीचे) दिवस सरले की बाहेर लावायची, कारण तोवर रात्री दहिवर गोठण्याची भीती असते. पानांवर पाऊस पडला की करपा येतो, म्हणून त्यांच्यावर छप्पर लागते. एवढे करूनही सप्टेंबरअखेर बरीच फळे हिरवीच उरतात. त्यातली पूर्ण वाढलेली, निरोगी फळे वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या उबेत ठेवली, तर हळूहळू पिकतात, आणि बाकीच्यांची तेलावर परतून, दाण्याचे कूट, तीळ, हिरवी मिरची आणि लसूण घालून चटणी होते. ती भाकरीबरोबर उत्तम लागते, फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते, आणि राय या धान्याच्या काळ्या पावाला लावून डब्यातही देता येते.