उसन्या नावाचं झाड

झाड छाटा म्हणून अर्ज केला होता, त्याला कौन्सिलचं, म्हणजे इथल्या नगरपालिकेचं, उत्तर आलं: गाडीवर चिकटा पडतो, हे झाड छाटायचं कारण होत नाही. दोन ओळींत विषय संपला.

झाड सिकॅमोरचं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या गावात गाडी लावायची जागा नेमकी त्याच्याखाली. उन्हाळ्यात पानांवर मावा ही कीड पडते आणि तिचा गोड रस काचेवर, दारांवर, मुलाच्या सायकलच्या सीटवर ठिबकत राहतो. त्यावर धूळ, धुळीवर काळी बुरशी. शनिवारी धुतलेली गाडी सोमवारी पुन्हा चिकट. मग पंखवाल्या बिया गरगरत येतात आणि छपराच्या पन्हळीत रुजतात. शेजारच्या आजी कौतुकाने त्यांना हेलिकॉप्टर म्हणतात. आजींकडे गाडी नाही. झाडांवर ग्रंथ लिहिणाऱ्या जॉन एव्हलिन या गृहस्थाने १६६४ सालीच लिहून ठेवलंय की, या झाडाची चिकट पानं गळून कुजतात, वाटा घाण करतात, याला बागेतून हद्दपार करा. निदान एक इंग्रज माझ्या बाजूचा निघाला!

आजी चर्चला जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, येशूला बघायला बुटका जक्कय चढला तो सिकॅमोरवरच. मराठी बायबल उघडलं, तर तिथे जक्कय चढलाय उंबरावर. आणि बरोबर मराठीच आहे. सिकॅमोर हा शब्द मुळात ग्रीक: ‘सिकॉन’ म्हणजे अंजीर, ‘मोरॉन’ म्हणजे तुती. तुतीसारख्या पानांचं अंजीर. इजिप्त-पॅलेस्टाईनकडचं ते झाड आपल्या उंबराचं सख्खं भावंड, फळं तशीच खोडाला लगडलेली. इजिप्तमध्ये हाथोर देवी त्यात राहायची, म्हणजे दत्त महाराजांसारखीच सोय.

युरोपातल्या लोकांनी ते नाव पानांच्या साधर्म्यावरून या मेपलच्या जातभाईला चिकटवलं. याचं शास्त्रीय नावही ‘खोटा प्लेन’ अशा अर्थाचं; प्लेन म्हणजे चिनाराच्या जातीचं झाड. स्कॉटलंडात तर याला सरळ प्लेनच म्हणतात, आणि अमेरिकेत खऱ्या प्लेनला सिकॅमोर. १७९२ साली न्यूयॉर्कच्या शेअर दलालांनी ज्याच्याखाली करार केला म्हणतात, ते बटनवुडही हेच अमेरिकन सिकॅमोर. नावात एवढा गोंधळ घालून वर हे लोक आपल्या सातबाऱ्याला हसतात.

पण झाडाला हात लावून बघा! उत्तर इंग्लंडातल्या रोमनकालीन हेड्रियनच्या भिंतीजवळचं ते प्रसिद्ध एकटं सिकॅमोर सप्टेंबर २०२३ मध्ये रात्रीतून कापलं, तर देश हळहळला आणि २०२५ मध्ये दोघांना सव्वाचार वर्षांची शिक्षा झाली. मला मुंबईतलं आरे आठवलं. २०१९ मध्ये तिथेही मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीच करवती चालल्या, दोन हजारांवर झाडं गेली. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत काम उरकलं होतं. अर्थात मुंबईला मेट्रो हवीच होती, आणि लोकलला लटकून मीही पुष्कळ वर्षं काढलीत. इथल्यांना माळावरच्या एका झाडासाठी रडायला सवड आहे, हेही खरं.

शिवाय आपल्याकडे उंबर कोण तोडतो? आमच्या गावी रस्तारुंदीत गुलमोहर गेले, चिंच गेली. उंबराशी मात्र ठेकेदार थबकला, नारळ फोडला आणि रस्ताच वळवला. त्यासाठी कायद्याचं कलम लागलं नाही. चिंचेसाठी होतं, महाराष्ट्राच्या शहरी वृक्षसंरक्षण कायद्यातलं, १९७५ पासूनचं. ते कोणी काढलं नाही.

गाडी आता दोन गल्ल्या पलीकडे लावतो. तिथे लिंडनचं झाड आहे. त्यालाही मावा पडतो.