ड्रॉइंगचे सर आणि जुन्या इमारतीचा जिना

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी शाळेविषयी लिहून द्या, असं निमंत्रण आलं आणि मला ड्रॉइंगच्या सरांखेरीज दुसरं काही सुचेना. गणिताच्या बाई, चिंचेखालचा नळ, पीटीचा तास यांवर बाकीची मंडळी लिहितीलच. मी सरांविषयीच लिहिणार.

सर फार बोलत नसत. झब्ब्याच्या एका खिशात खडू, दुसऱ्यात सुतळीची गुंडी. ती सुतळी कशासाठी, हे आठवीत कळलं. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेच्या तयारीसाठी आम्ही शाळा सुटल्यावर थांबायचो. वस्तुचित्राला एरवी टेबलावर तांब्या, वांगी असं काहीतरी मांडलेलं असे. त्या दिवशी टेबल रिकामं होतं. सर आम्हाला जुन्या इमारतीच्या जिन्यापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "मधल्या सुट्टीत उतरताना सगळे खालच्याच पायरीला का अडखळता रे?"

खरंच, तिथे रोज कोणीतरी धडपडायचं. ढकलाढकलीमुळे, असंच आम्ही धरून चाललो होतो. सरांनी सुतळी काढली. एकाने वर धरायची, एकाने खाली, आणि प्रत्येक पायरीच्या उंचीला एक गाठ. सगळ्या गाठी सारख्या अंतरावर पडल्या. अगदी खालची तेवढी जवळ आली. कारण कोणालाच सांगता येईना. मग सरांनी दाराकडे बोट दाखवलं. उंबरठा जवळजवळ जमिनीत बुडाला होता. मूळ जमिनीवर मागाहून शहाबादी फरशी घातली होती आणि तेवढी खालची पायरी बुटकी झाली होती. वरून येणाऱ्या पावलाला एका उंचीची सवय लागते आणि तिथे जमीन अपेक्षेआधीच लागते. वर्गात परतल्यावर सरांनी फळ्यावर तोच जिना मधोमध कापल्यासारखा काढला: पायऱ्या, खालचं लाकूड, फरशीचा थर, सगळं. पुढे आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला 'सेक्शन काढा' म्हटल्यावर वर्ग गोंधळला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो फळा होता.

दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी मिळून साधारण 24 ते 25 इंच यावेत, हा जिन्याचा ठोकताळा कॉलेजात शिकलो. दिवाळीच्या सुट्टीत मुद्दाम शाळेत येऊन मी आपला जिना मोजला. चोख बसला!

रविवारी सर विश्रामबागवाड्यात न्यायचे, सुरूच्या घाटाचे सागवानी खांब काढायला. "पेन्सिल नंतर. आधी खांबाला हात लावून ये," म्हणायचे.

आज माझं स्वतःचं ऑफिस आहे. पेठांतल्या जुन्या वाड्यांची दुरुस्ती हे सर्वांत आवडीचं काम. बालगंधर्व कलादालनात माझ्या जलरंगांची प्रदर्शनं झाली, आणि पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतोही. यातलं तुमचं खरं काम कोणतं, असं लोक विचारतात. वाड्यातली तुळई कुठे वाकली आहे हे मला मापं घेताना नाही, समोर बसून चित्र काढताना कळतं. आणि जे कळलं ते मुलांना समजावून सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही. बाळकृष्ण दोशी आपल्या पुण्यात 1927 साली जन्मले. त्यांनी वास्तू उभारल्या, चित्रं काढली, 1962 साली अहमदाबादला आर्किटेक्चरचं विद्यालय सुरू केलं. 2018 साली प्रित्झकर हे वास्तुकलेतलं सर्वोच्च मानलं जाणारं पारितोषिक मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले, तेव्हा कॉलेजात आम्ही पेढे वाटले. मला त्या दिवशी सरांची फार आठवण झाली. त्यांना कोणी पारितोषिक दिलं नाही, पण पाहणं, काढणं आणि शिकवणं एकाच माणसात मी पहिल्यांदा पाहिलं ते त्यांच्यात. माझे विद्यार्थी स्क्रीनवर जिना काढायच्या आधी हातात सुतळी घेतात.

जुनी इमारत पाडली, तिच्याबरोबर ड्रॉइंग हॉलही गेला. आता मुलं इंटरमिजिएटला बसतात ती बहुधा दहावीच्या वाढीव गुणांसाठी. मला याचं मनापासून वाईट वाटतं आणि ते इथे लिहिणं मी माझं कर्तव्य समजतो.

नव्या इमारतीतली एक खोली ड्रॉइंगसाठी राखून ठेवावी, अशी संचालक मंडळाला विनंती आहे. शनिवारी सकाळी शिकवायला मी येईन, मानधन नको. आणि ज्यांच्या घरी सरांनी काढून दिलेली चित्रं असतील, त्यांनी ती स्नेहसंमेलनाआधी शाळेच्या कार्यालयात पोहोचवावीत. त्यांना फ्रेम करून भिंतीवर लावण्याची जबाबदारी माझी.

– एक माजी विद्यार्थी, दहावी ब, 1984