स्पिन्थॅरिस्कोप: फुग्यावरच्या ठिणग्या अखेर दिसल्या

घरी केलेल्या स्पिन्थॅरिस्कोपमध्ये ठिणग्या काल रात्री दिसल्या. काळ्या डबीच्या तळाशी, भिंगातून, सुट्या सुट्या. एक डावीकडे, दोन मधोमध, मग क्षणभर काहीच नाही, आणि मग एकदम तीन. पहिल्या मिनिटात ४१ मोजल्या. एक ठिणगी म्हणजे एका किरणोत्सर्गी अणूच्या केंद्रकातून वेगाने सुटून पडद्यावर आदळलेला एक कण, ज्याला अल्फा कण म्हणतात. इतकी लहान घटना मी नुसत्या डोळ्यांनी पाहत होतो, मध्ये वीज नाही की सर्किट नाही. गेला महिना यातच गेला, तेव्हा कुठे काय चुकलं तेही लिहून ठेवतो.

उपकरण जुनं आहे. १९०३ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स झिंक सल्फाइडच्या (अल्फा कण आदळला की चमकणाऱ्या पावडरीच्या) पडद्यावर रेडियमची चमक पाहत होते. मोलाच्या रेडियमचा अंश पडद्यावर सांडला, तो शोधायला त्यांनी भिंग धरलं, आणि सलग वाटणारा उजेड सुट्या ठिणग्यांचा निघाला. ठिणगीसाठीच्या ग्रीक शब्दावरून त्यांनी नळीला नाव दिलं स्पिन्थॅरिस्कोप. पुढे रदरफर्ड यांचे सहकारी गायगर आणि मार्सडेन यांनी अंधारात बसून अशाच ठिणग्या मोजल्या आणि १९११ मध्ये रदरफर्डना अणूचं केंद्रक सापडलं. म्हणजे त्या शोधाचं मोजमाप डोळ्यांनी झालं होतं. मला हे उपकरण करावंसं वाटलं ते त्यामुळेच.

अल्फा कण आणायचे कुठून, यावर बराच विचार केला. धूर ओळखणाऱ्या काही यंत्रांत अमेरिशियम-२४१ असतं. पण ती चकती काढणं बऱ्याच देशांत बेकायदा आहे, आणि तिच्यावरचा सोन्याचा पातळ थर खरवडला तर ते घरभर होऊ शकतं. जुन्या घड्याळांच्या काट्यांवरचा रेडियमचा रंग भुगा होऊन गळतो. अल्फा कण कातडीच्या मृत थरातच अडकतात, बाहेरून त्यांची भीती नाही. पण तीच धूळ श्वासातून आत गेली की गोष्ट वेगळी. या दोन्ही वाटा मी सोडल्या, तुम्हीही सोडा. पडद्याच्या चाचणीला थोरियम असलेली टंगस्टनची वेल्डिंग सळई घेतली (घासायची नाही, हाताळल्यावर हात धुवायचे). खरा प्रयोग मात्र खोलीतल्या हवेवर करायचं ठरवलं.

पडद्याने सगळ्यात जास्त दमवलं. अंधारात चमकणारी पावडर म्हणून जी सर्रास मिळते ती बहुतेक स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट असते. एकदा उजेड लागला की ती तासन् तास मंद उजळत राहते आणि त्या उजेडात ठिणगी बुडून जाते. माझा पहिला आठवडा असाच गेला. हवं ते चांदीचा अंश घातलेलं झिंक सल्फाइड. त्याची चमक निळसर असते आणि लगेच विझते. तांब्याचा अंश असलेलं हिरवं चमकतं आणि तेही चालतं, पण त्याची उरलेली चमक जायला पडदा आदल्या रात्रीपासून बंद डबीत ठेवावा लागतो.

पावडर काचेवर गोंदाने बसवायचा प्रयत्न फसला. कण गोंदात बुडाले, आणि अल्फा कण गोंदातच संपले. मग पारदर्शक चिकटपट्टी घेतली. पावडर कागदावर पसरली, पट्टी चिकट बाजू खाली करून अलगद टेकवली, उचलली, उभी धरून मागून टिचक्या मारल्या. सुटी पावडर गळून गेली आणि दुधी, पातळ थर राहिला. (तोंडाला मास्क लावूनच.) थर जाड झाला तर पावडर स्वतःचाच उजेड अडवते, कारण चमक एका बाजूला होते आणि आपण पाहतो दुसऱ्या बाजूने. माझा अंदाज असा: पट्टी छापील कागदावर टेकवली की अक्षरं धूसर दिसावीत, पण वाचता यावीत.

एवढं करून मी पट्टी उलटी लावली. पावडर भिंगाकडे, प्लास्टिक सळईकडे. दोन रात्री डोळे ताणले, काही नाही. उदाहरणार्थ, अमेरिशियमचा साडेपाच एमइव्ही (ऊर्जेचं एकक) इतक्या ऊर्जेचा अल्फा कण हवेत चारेक सेंटिमीटर जातो, पण प्लास्टिकमध्ये जेमतेम ४० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). साधी चिकटपट्टी साधारण ५० मायक्रॉनची असते. हिशेब आधी केला असता तर त्या रात्री वाचल्या असत्या. पट्टी सुलटी केली आणि सळईच्या कडेने दर काही सेकंदांनी एक टिंब चमकू लागलं. पहिलं टिंब दिसलं तेव्हा श्वास रोखला गेला होता, हे नंतर लक्षात आलं.

डबी सोपी. फिल्मच्या रिळाची काळी डबी, आतून काळा कागद, झाकणात दहापट भिंग. अशा भिंगाचं नाभीय अंतर २५ मिलिमीटर, म्हणून पडदा तेवढ्याच अंतरावर. जास्त मोठं करणारं भिंग घेऊ नका. रुंद आणि कमी ताकदीच्या भिंगातून पडद्याचा जास्त भाग एकदम दिसतो. सांध्यांवर काळी इन्सुलेशन टेप दुहेरी.

आता फुगा. जमिनीतल्या युरेनियमच्या साखळीतून रेडॉन वायू हवेत येतो. तो मोडला की त्याची पोलोनियम, शिसं, बिस्मथ ही पिलावळ तयार होते, आणि तिच्यातले बरेच अणू सुरुवातीला धनभारित असतात. लोकरीने घासलेल्या रबरी फुग्यावर ऋणभार असतो, म्हणून ते त्याला येऊन चिकटतात. तळमजल्यावरची बंद खोली उत्तम. हवा दमट असेल तर भार टिकत नाही. माझे पहिले दोन फुगे त्यातच वाया गेले.

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला अर्धा तास तरी लागतो. फुग्यालाही साधारण तेवढाच वेळ हवा. म्हणून फुगा घासून दोऱ्याने टांगायचा, दिवा घालवायचा आणि त्याच खोलीत बसून राहायचं. दोन्ही एकत्रच तयार होतात. चार्जरचा इवलासा दिवाही झाका. पंचेचाळीस मिनिटांनी मी चाचपडत फुग्याची हवा सोडली. आक्रसल्यावर त्याच्यावरचे अणू लहानशा जागेत येतात. मग तो पडद्याखाली सरकवला, मध्ये दोन मिलिमीटरची फट ठेवून. फट मुद्दाम ठेवली, कारण झिंक सल्फाइड घासलं गेलं तरी चमकू शकतं. अंधारात चिकटपट्टी ओढतानाही निळसर रेघ उमटते; ती पाहून मी एकदा फसलो होतो.

बघताना नजर पडद्याच्या कडेवर ठेवा. दृष्टिपटलाच्या अगदी मध्यभागी मंद उजेड टिपणाऱ्या दंडपेशी नसतात, त्यामुळे रोखून पाहिलं की ठिणगी नाहीशी होते.

मोजणीसाठी फोन आवाज टिपायला लावून उशीखाली ठेवला आणि दर ठिणगीला टेबलावर बोट आपटलं. सकाळी ऐकून मोजलं: सुरुवातीला मिनिटाला ४१, चाळीस मिनिटांनी २६, ऐंशी मिनिटांनी १२, दोन तासांनी ५. आधी सावकाश, मग भराभर. सुरुवातीच्या मोजणीत पोलोनियम-२१८ थोडं असेल, पण त्याचं अर्धायुष्य (निम्मे अणू मोडायला लागणारा वेळ) तीनच मिनिटांचं, ते लवकर संपतं. नंतरच्या ठिणग्या पोलोनियम-२१४ च्या. ते स्वतः जन्मताच मोडतं, पण त्याच्या आधी शिसं-२१४ ला २६.८ मिनिटं आणि बिस्मथ-२१४ ला १९.९ मिनिटं अर्धायुष्य आहे. शिसं मोडून बिस्मथची भर पडत राहते म्हणून आधी उतार मंद. पुस्तकात वाचलेली साखळी माझ्या बोटाच्या ठकठकीत ऐकू आली!

आज न घासलेला फुगा तेवढाच वेळ टांगून पाहिला. पाच मिनिटांत दोन ठिणग्या. म्हणजे कालच्या ठिणग्या फुग्यावर जमलेल्याच होत्या.

पुढच्या खेपेला फुग्याऐवजी पंख्याच्या तोंडाशी गाळणकागद लावून हवा ओढणार आहे. कागद सपाट बसतो, घड्या नाहीत, आणि दमट दिवसांतही चालायला हवा. पडदाही नवा करतोय, यावेळी पट्टीच्या एका कडेला तांब्याचं आणि दुसऱ्या कडेला चांदीचं झिंक सल्फाइड, म्हणजे दोन्हींच्या ठिणग्या शेजारी शेजारी पाहता येतील. मोजणी झाली की आकडे देतो.