तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाडू घेताना मी एवढे आढेवेढे का घेतो?

आमच्या ऑनलाइन डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या गटात जागा रिकामी झाली की मी ती लगेच भरत नाही. आलेल्याला प्रश्न विचारतो, कॅरेक्टर पुन्हा लिहायला लावतो, कधी सरळ नाही म्हणतो. मग ठरलेला प्रश्न येतो: "अहो, खेळच आहे ना शेवटी? एवढं काय बघता?" उत्तर दर वेळी तोंडी देऊन कंटाळलो, म्हणून आता लिहूनच टाकतो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली आणला. एक जण डीएम, म्हणजे डंजन मास्टर असतो; आमच्यात तो मी. खेळातलं जग आणि त्यातले ड्रॅगनपासून खानावळवाल्यापर्यंतचे सगळे जीव तो चालवतो. बाकीचे एकेक कॅरेक्टर घेतात. काय करायचं ते खेळाडू सांगतो, ते जमलं की नाही हे वीस बाजूंचा फासा सांगतो. आम्ही डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर खेळतो, थोडं बोलून, पुष्कळसं लिहून, आणि मराठीत. इथले लोक गुरुवारी रात्री साडेनऊला जमतात. न्यू जर्सीतला आमचा क्लेरिक त्या वेळी ऑफिसात डबा खाता खाता सगळ्यांच्या जखमा बऱ्या करतो.

तर मी काय बघतो? समोरचा माणूस गोष्टीचा शेवट खिशात घालून आलाय का, एवढंच.

ते बॅकस्टोरीतच, म्हणजे कॅरेक्टरच्या आधीच्या आयुष्याच्या कहाणीतच कळतं. पहिल्या लेव्हलच्या, म्हणजे अगदी नवख्या विझार्डचे (जादूगाराचे) हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, असतात सहा-सात, फार तर आठ-नऊ. गोब्लिनचा, म्हणजे एखाद्या किरकोळ राक्षसाचा, एक बरा वार बसला की साहेब आडवे. पण साहेबांनी पाठवलेली असतात वीस पानं. आठव्या वर्षी गाव जळलं. आईवडील डोळ्यांदेखत गेले. लांडग्यांनी वाढवलं. पुढे दोन ड्रॅगन मारले, एका राजकन्येला नकार दिला, आणि एक देव त्यांचं देणं लागतो. एक डोळा निळा, दुसरा जांभळा, राग आला की केसांचा रंग बदलतो. मी विचारलं, एवढं सगळं करून झाल्यावर हा आमच्याबरोबर खानावळीच्या तळघरातले उंदीर मारायला का येतोय? उत्तर आलं, "तो आपली खरी शक्ती लपवतोय."

आईवडील जिवंत असलेलं कॅरेक्टर आलं की मला गहिवरून येतं. बाकी सगळे अनाथ. त्यामागचं कारण भावनिक नाही, हिशेबी आहे. घरी म्हातारी आई असली की डीएम तिला आजारी पाडणार, नाहीतर पळवून नेणार, आणि मग धावत जावं लागणार. त्यापेक्षा पहिल्याच पानावर तिला संपवलेलं बरं. ड्रोंचं तर विचारूच नका. ड्रो म्हणजे जमिनीखाली राहणारे, दुष्ट म्हणून बदनाम असलेले काळे एल्फ. १९८८ साली एका कादंबरीत दोन तलवारी चालवणारा, चांगल्या मनाचा एक ड्रो आला आणि तुफान गाजला. तेव्हापासून 'दुष्ट कुळातला एकुलता एक सज्जन' एवढ्यांनी खेळून झालाय की त्या कुळात आता दुष्ट औषधालाही सापडायचा नाही.

हा सज्जन खानावळीत येतो तो थेट कोपऱ्यात, टोप डोळ्यांवर ओढून, लग्नात रुसून बसलेल्या मामासारखा. बाकीचे बिचारे त्याला टेबलावर बोलावतात. तो लिहितो, "तो काहीच बोलत नाही. फक्त बघतो." पुन्हा बोलावतात. "तो मंद हसतो. त्या हसण्यात शतकांचं दुःख आहे." तासभर हे चालतं. सेशन संपल्यावर मला खासगी मेसेज येतो: "दादा, मला कोणी गोष्टीत घेतच नाही."

(मराठीत खेळण्याचा एक फायदा इथेच सांगून टाकतो. आमचे एल्फ पौराणिक मालिकेतल्यासारखे बोलतात, "हे पथिका, तुझ्या आगमनाचे प्रयोजन काय?" त्यावर ड्वार्फ, म्हणजे आमचा बुटका, विचारतो, "काहून बे, तुले काय करायचं?" यावर माझी काही तक्रार नाही. लढाईत वर्मी घाव बसला की एल्फही शुद्ध पुणेरी शिव्या देतो, तेवढा भाग सोडला तर.)

दुसऱ्याच्या वाटचंही स्वतःच लिहून टाकणारे वेगळे. "मी त्याचा वार लीलया चुकवतो, मागे सरकतो आणि माझा खंजीर त्याच्या पाठीत रुततो." रुततो? कोणी ठरवलं? नुसत्या लेखी रोलप्लेत, जिथे फासा नसतो, तिथेही रीत अशी की आपण प्रयत्न लिहायचा आणि परिणाम समोरच्याने. ही रीत मोडून परिणामही आपणच लिहिण्याला गॉडमोडिंग म्हणतात. हे आजचं नाही. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉने मड नावाचा निव्वळ अक्षरांतून खेळायचा खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. याच बार्टलने १९९६ साली अशा खेळांतल्या खेळाडूंचे चार प्रकार मांडले. कोणी मिळवायला येतात, कोणी जग धुंडाळायला, कोणी गप्पा मारायला आणि कोणी दुसऱ्यांना छळायला. चौथ्यांची मला तेवढी भीती नाही, ते दुरूनच ओळखू येतात. माझ्या नाकी नऊ आणतो तो पाचवा. त्याला बाकी सगळे आपल्या कादंबरीतले हमाल वाटतात.

आणि गॉडमोडचं खुद्द देवालाही काय होतं, ते ऐका. १९९७ च्या ऑगस्टमध्ये अल्टिमा ऑनलाइन या इंटरनेटवरच्या खेळाची चाचणी चालू होती. खेळाचा कर्ता रिचर्ड गॅरियट आपल्या राजाच्या रूपात, लॉर्ड ब्रिटिश म्हणून, प्रजेसमोर उभा होता. हा राजा मरू नये अशी सोय खेळात होती, पण ती चालू करायची राहून गेली होती. गर्दीतल्या एका खेळाडूने आगीचा मंत्र टाकला आणि राजा खलास. त्या दिवशीचं राजाचं भाषण कोणाला आठवत नाही. मरण मात्र अजून सांगितलं जातं.

लहानसहान उपद्रव भराभर सांगतो. ट्रोल नावाच्या राक्षसाच्या जखमा आपोआप भरतात, त्याला आग किंवा ॲसिडच लागतं, हे खेळाडूने पुस्तकात वाचलेलं असतं. मग जन्मात गावाची वेस न ओलांडलेला त्याचा शेतकऱ्याचा पोरगा ट्रोल दिसायच्या आधीच मशाल पेटवून उभा. राजाशी बोलताना वीस पडले की कोणी सिंहासनच मागतं. अरे, वीस पडले की हमखास यश ही सवलत हल्ल्याच्या रोलला (फासा टाकण्याला) आहे, पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या पुस्तकात समजूत घालण्याच्या रोलला ती नाही. वीस पडल्यावर राजा हसेल आणि तुला फाशी देणार नाही, एवढं पुष्कळ झालं. लेखी लढाईत आपली पाळी आली की चार दिवस गायब होणारेही असतात. तेवढा वेळ समोरचा बिचारा ओगर राक्षस गदा उगारून उभा.

पण या सगळ्यांचा राजा एक वाक्य आहे: "माझं कॅरेक्टर असंच वागलं असतं." रोग (आजार नव्हे, चोरट्या कॅरेक्टरचा इंग्रजी प्रकार) झोपलेल्या क्लेरिकच्या पिशवीतून औषधाची बाटली चोरतो. ज्याने आदल्याच लढाईत याला मरता मरता वाचवलं, त्याच्याच पिशवीतून. क्लेरिकचा खेळाडू चिडतो, ते बरोबरच आहे, त्याने जेवणाची सुट्टी खर्ची घातलेली असते. रोगवाला शांतपणे म्हणतो, "मी काय करू? माझं कॅरेक्टरच तसं आहे." जणू कॅरेक्टर सरकारी आदेशाने त्याच्या गळ्यात पडलंय. बाबा रे, ते लिहिलंस तू, आणि त्याने काय करावं हेही तूच ठरवतोस. चोरच खेळायचाय ना, मग सगळे मिळून सावकाराची तिजोरी फोडा. चार जणांचा गुरुवार तुझ्या चोरपणावर कशाला ओवाळून टाकायचा?

म्हणून हल्ली मी बॅकस्टोरी अर्ध्या पानाचीच घेतो आणि तिच्याखाली एकच प्रश्न ठेवतो: तुमच्या कॅरेक्टरला काय जमत नाही? निम्मे लोक लिहितात, "हार मानणं." उरलेले लिहितात, "कोणावर विश्वास ठेवणं." एका मुलीने मात्र लिहिलं की तिच्या हाफ-ऑर्क (अर्ध्या राक्षस कुळातल्या) बार्बेरियन, म्हणजे रानटी लढवय्या बाईला पोहता येत नाही, आणि ते ती कोणाला कळू देत नाही. मी तिला तिथल्या तिथे जागा दिली.

पुढे तलाव आला. पलीकडच्या बेटावर मी पुष्कळ खपून एक देऊळ सजवून ठेवलं होतं, नकाशा, सापळे, पुजारी, सगळं. बार्बेरियन बाई होडीजवळ गेल्या आणि म्हणाल्या, या होडीचा रंग अशुभ आहे. मग वारा अशुभ निघाला. मग नावाडी. ड्वार्फला काय ते कळलं असावं, पण तो एवढंच म्हणाला, "चाला, पायी जाऊ, मलेबी पाण्याचा वास सहन नाही होत." सगळे वळसा घालून निघाले. वाटेतल्या एका गावात मधाच्या पोळ्यावरून त्यांचं पाटलाशी भांडण झालं, ते आता कोर्टात गेलंय, आणि बार्बेरियन बाई साक्षीदार आहेत. देवळाची कोणाला आठवणही नाही. पुजाऱ्याला मी रजेवर पाठवलंय.