पिठाच्या पाकिटावरचा आकडा

जर्मनीतल्या दुकानात गव्हाच्या पिठाच्या पाकिटांवर आकडे असतात. ४०५, ५५०, १०५०. नवखी मराठी मंडळी हमखास ४०५ उचलतात, कारण ते स्वस्त आणि पांढरंशुभ्र. त्याच्या पोळ्या तव्यावर छान फुगतात आणि डब्यात जाईपर्यंत चिवट होतात. शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर मागे खनिजांची राख किती मिलिग्रॅम उरेल, ते हा आकडा सांगतो. म्हणजे ४०५ हा जवळजवळ आपला मैदाच. आकडा चढेल तसा कोंडा वाढत जातो, आणि अख्खं धान्य दळलेल्या 'फोलकोर्न' पिठाला तर आकडाच नसतो.

आमच्या घरातलं खाणं बदललं ते या फळीसमोर उभं राहून. एका दमात नाही. आम्ही स्टुटगार्टला राहतो, म्हणजे श्वाबेन प्रांतात, आणि इथलं जुनं धान्य म्हणजे डिंकेल, गव्हाचाच एक जुना भाऊबंद. आधी नेहमीच्या कणकेत मूठभर डिंकेलचं फोलकोर्न पीठ मिसळायला लागले. कोणी काही बोललं नाही, तेव्हा पाव हिस्सा, मग अर्धा. डिंकेलला गव्हासारखं रगडून मळायचं नाही. फार मळलं की ते सैल पडतं आणि पोळी लाटताना फाटते. हलक्या हाताने गोळा करायचा, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचा, तोवर भाजी फोडणीला टाकायची. अशी पोळी रंगाने जरा काळपट होते, पण दुपारी डब्यात मऊ राहते. पुरणपोळीला मात्र पांढरंच पीठ येतं घरात, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. सणाच्या ताटात पौष्टिकतेची लुडबुड कशाला?

मुलांच्या बाबतीत अर्धं काम बालवाडीने केलं. इथे पुष्कळ बालवाड्यांत सकाळच्या डब्यात गोड चालत नाही. बिस्किटं नाहीत, चॉकलेट लावलेला पाव नाही. केक फक्त वाढदिवसाला. आपल्याकडे डब्यात काय द्यावं यावर आयांचे व्हॉट्सअॅप गट चालतात. इथल्या मुलांचा डबा उघडला तर काळ्या पावाचे दोन तुकडे, चीज, सफरचंदाच्या फोडी आणि कच्च्या नवलकोलाचे काप. बस. आमच्या लेकाने नवलकोल पहिल्यांदा खाल्ला तो मित्राच्या डब्यातून. मी घरी नवलकोलाची भाजी केली की नाक मुरडणारा हा मुलगा आता चाकूखालचे काप पळवतो. पाल्याची मी हरभऱ्याची डाळ घालून भाजी करते, ती मात्र अजून आम्हा दोघांनाच खावी लागते.

फळांच्या दह्याची सवय सुटायला वेळ लागला. युरोपात पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्यामुळे दुधानंतर लगेच साखर दिसली की समजायचं. एकदम बंद केलं असतं तर घरात महाभारत झालं असतं. म्हणून त्यात साधं दही मिसळत गेले, वरून केळं कुस्करून. हळूहळू डब्यातलं रंगीत दही कमी आणि वाटीतलं साधं जास्त झालं.

माझं माहेर लातूरकडचं. जवसाची चटणी आमच्याकडे भाकरीबरोबर रोजची, इतकी रोजची की तिला कोणी आरोग्याशी जोडलं नव्हतं. इथे जवस मिळते ती साबण-शॅम्पूच्या दुकानात! 'डीएम' नावाची दुकानांची साखळी आहे, तिथे डायपरच्या पलीकडे मसुराची डाळ, जवस, राळ्यासारखं बारीक धान्य असं सगळं सेंद्रिय शिक्क्यासह मांडलेलं असतं. जर्मन लोक जवस नाश्त्याच्या वाटीत दुधाबरोबर घालतात. शाबूत जवस पोटातून बरीचशी तशीच निघून जाते, म्हणून भरडलेलीही विकतात. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "अगं, मग आपण भाजून कुटतो ते काय उगाच?" आता महिन्याची चटणी एकदम न कुटता थोडी थोडी करते. कुटलेली जवस लवकर खवट होते, ती फ्रीजमध्येच बरी.

सगळ्यात कठीण गेली ती जेवणाची वेळ. इथे संध्याकाळी सहा-साडेसहाला पाव-चीज खाऊन मुलं आठला झोपलेली असतात. आमच्याकडे नऊला कुकरची शिट्टी. मुलीची शाळा आठच्या आत भरायला लागली तेव्हा हे चालेना. आता मोठं जेवण शक्यतो दुपारी, आणि संध्याकाळी लवकर काहीतरी हलकं, मुगाची खिचडी नाहीतर भाकरी-पिठलं. नवरा दहा वाजता फरसाणाचा डबा शोधतो. डबा वरच्या फळीवर आहे, शोधू दे.

शनिवारी बाजारात जाते, कारण रविवारी दुकानं बंद. देशी दुकानातली भेंडी आणि दुधी विमानाने येतात, महाग आणि अर्धी कोमेजलेली. त्याऐवजी स्टुटगार्टच्या दक्षिणेला पिकणारा टोकदार फिल्डर कोबी घेते. तो नेहमीच्या कोबीपेक्षा कोवळा, लवकर शिजतो. श्वाबेनच्या डोंगराळ पठारावरचे मसूर कधीतरीच, कारण भाव बघून घाम फुटतो. त्यांचं पीक इथून जवळपास नाहीसं झालं होतं. जुनं मूळ बियाणं २००६ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या बीजसंग्रहात सापडलं आणि शेतकऱ्यांनी ते पुन्हा वाढवलं. वेलीला आधार म्हणून त्यात ओट्स किंवा जव पेरतात, आपल्या आंतरपिकासारखे. शिजूनही दाणा अख्खा राहतो, त्यामुळे आमटीपेक्षा उसळीला उत्तम. इथले लोक त्यात व्हिनेगर घालतात. मी आमसूल घालते. शेजारच्या आजींना एकदा वाटीभर दिली, तर त्यांनी चव घेऊन विचारलं, व्हिनेगर कुठलं वापरलंस?